सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर: दुसऱ्याच्या कोठाराला विचारलेले प्रश्न

डिसेंबरात घरी जायचं म्हणून तुम्ही लंडन ते मुंबई विमानाचं तिकीट शोधायला बसता. साइट शेकडो पर्याय समोर टाकते. तुम्ही 'एकच थांबा' या चौकोनात खूण करता, 'स्वस्त आधी' हे बटण दाबता आणि यादी आटोक्यात येते. पहिल्या खुणेने यादी गाळली गेली, दुसऱ्या बटणाने तिचा क्रम लागला. आता समजा, तुम्हाला असं विमान हवंय की जे रात्री अकराच्या आत मुंबईला उतरेल, दोन बॅगा नेऊ देईल आणि ज्याचा थांबा तीन तासांहून कमी नसेल, कारण सोबत सत्तरीतली आई आहे. या तिन्हींसाठी बटणं असतील तर ठीक. नसतील तर हा प्रश्न त्या साइटला विचारताच येत नाही. माहिती तिच्याकडे असते, पण तुमच्या प्रश्नाला तिथे जागा नसते.

पॉडकास्टच्या भागात वेळेअभावी जे निसटलं ते इथे सविस्तर मांडते आहे. विषय वरवर तांत्रिक आहे: वेबवरच्या सेवांकडून येणारी माहिती एसक्यूएलसारख्या भाषेत प्रश्न लिहून गाळणं आणि क्रमाने लावणं. पण त्याच्या तळाशी एक साधा, जुना प्रश्न आहे. माहितीच्या कोठाराला काय विचारायचं, हे कोण ठरवणार? विचारणारा की कोठाराचा मालक? गेल्या पन्नास वर्षांत याचं उत्तर दोनदा बदललं, आणि दुसऱ्यांदा बदललं तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही.

वाट सांगायची की वस्तू सांगायची?

सुरुवात १९७० पासून करू. एडगर कॉड हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा, ऑक्सफर्डला गणित शिकलेला माणूस तेव्हा कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत होता. त्या वर्षी जूनमध्ये त्याचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी संगणकातली माहिती मिळवायची म्हणजे तिथपर्यंतची वाट माहीत असावी लागे. या नोंदीपासून त्या नोंदीकडे जा, तिथून पुढच्या साखळीला लाग, हवं ते सापडेपर्यंत चालत राहा. चार्ल्स बाकमन या दुसऱ्या मोठ्या संगणकतज्ज्ञाने १९७३ च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला चक्क नाविक म्हटलं होतं. समुद्र ओळखीचा असलेला, नोंदींच्या बेटांवरून पुढे पुढे जाणारा नाविक.

कॉडचं म्हणणं उलट होतं. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा. विचारणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं, तिथपर्यंतची वाट यंत्राने शोधावी. आपल्या घरातल्या व्यवहारात सांगायचं तर, 'फडताळ उघड, वरून दुसऱ्या कप्प्यात हात घाल, डावीकडचा तिसरा डबा काढ' असं सांगण्याऐवजी 'साखर दे' एवढंच म्हणायचं. डब्यांची जागा उद्या बदलली तरी 'साखर दे' हे वाक्य तसंच चालतं.

या कल्पनेला बोलती भाषा दिली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएममधल्याच दोन तरुणांनी. आधी त्यांनी 'स्क्वेअर' नावाची एक भाषा करून पाहिली. तिच्यात गणितासारखी खाली लिहायची चिन्हं होती, ती कीबोर्डवर उमटवणं कठीण. मग त्यांनी सरळ इंग्रजी शब्द घेतले: सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. अमुक निवड, तमुक तक्त्यातून, जिथे ही अट पुरी होते. भाषेचं नाव ठेवलं सीक्वेल. १९७४ च्या मे महिन्यात मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एका कार्यशाळेत त्यांनी तिच्यावरचा निबंध मांडला. कॉड आणि बाकमन यांच्या विचारांचा जाहीर सामनाही याच कार्यशाळेत झाला. बॉइस त्यानंतर थोड्याच दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, तिशीही न गाठता. पुढे सीक्वेल हे नाव हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीच्या नावे आधीच नोंदलेलं निघालं, म्हणून त्याचं आखूड रूप राहिलं: एसक्यूएल. १९८६ मध्ये तिला अमेरिकी प्रमाणाचा आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला.

हे सगळं सांगण्याचं कारण त्या १९७४ च्या निबंधात आहे. चेंबरलिन आणि बॉइसच्या डोळ्यांसमोरचा वापरणारा माणूस प्रोग्रॅमर नव्हता. हिशेबनीस, इंजिनिअर, वास्तुरचनाकार, नगररचनाकार अशी उदाहरणं त्यांनी दिली होती. आपल्या कामाचे प्रश्न असलेली आणि संगणकाशी थोडं शिकून बोलायला तयार असलेली ही माणसं. तक्ते तयार करणाऱ्याने कल्पनाही केली नसेल असा प्रश्न त्यांना विचारता यावा, ही एसक्यूएलमागची खरी उमेद.

पुन्हा नाविक

आता थेट २००० सालात येऊ. त्या वर्षी सेल्सफोर्स आणि ईबे यांनी आपल्या सेवा बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी उघडल्या. २००२ मध्ये ॲमेझॉनने, २००४ मध्ये फ्लिकरने तेच केलं. या दरवाजांना आपण एपीआय म्हणतो. ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या पद्धतीने विनंती पाठवायची, माहिती परत येते.

बघा काय झालं. प्रत्येक सेवेने आपापल्या खिडक्या उघडल्या. फोटो शोधायची एक खिडकी, एका फोटोचा तपशील द्यायची दुसरी, त्यावरच्या प्रतिक्रियांची तिसरी. तुमचा प्रश्न तिन्हींत विभागलेला असेल तर आधी पहिल्या खिडकीवरून यादी आणा, मग यादीतल्या एकेका नावासाठी दुसऱ्या खिडकीशी रांग लावा, मग सगळं घरी आणून स्वतः निवडत बसा. कॉडने ज्याला निवृत्त करायचं ठरवलं होतं तो बाकमनचा नाविक वेबवर पुन्हा कामाला लागला. सरकारी कचेरीत एका कागदासाठी चार टेबलं फिरलेल्या कोणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही.

मग दोन कंपन्यांना जवळपास एकाच काळात एकच गोष्ट सुचली: दुसऱ्याच्या सेवेला तक्ता समजायचं आणि एसक्यूएलसारख्या भाषेत विचारायचं.

फेसबुकने २००७ मध्ये एफक्यूएल आणली. 'माझ्या मित्रयादीत ज्यांचे क्रमांक आहेत त्यांची नावं निवड' हा प्रश्न तिच्यात एका वाक्यात लिहिता येई. अटी मात्र होत्या. फ्रॉमनंतर एकच तक्ता यायचा. व्हेअरमध्ये निदान एक रकाना असा हवा की ज्याची अनुक्रमणी फेसबुकने आधीच करून ठेवली आहे. म्हणजे 'अमुक क्रमांकाच्या माणसाचं नाव' विचारता येई, पण 'पुण्यात राहणारे सगळे' असं सरसकट विचारता येत नसे. मालकाने प्रश्नाला वाक्याचं स्वातंत्र्य दिलं, पण कुंपण आपल्याच हाती ठेवलं.

याहूने ऑक्टोबर २००८ मध्ये वायक्यूएल आणली आणि ती या सगळ्यांत धाडसी होती. फेसबुकची भाषा फक्त फेसबुकशी बोलायची. वायक्यूएल कोणाशीही बोलायची. आमच्या भागात मी एक उदाहरण वाचून दाखवलं होतं, ते इथे देवनागरीत देते:

सिलेक्ट आयटम.कंडिशन फ्रॉम वेदर.फोरकास्ट व्हेअर वोइड इन (सिलेक्ट वोइड फ्रॉम जिओ.प्लेसेस(१) व्हेअर टेक्स्ट = 'पुणे')

कंसातलं आधी वाचा. जगातल्या प्रत्येक ठिकाणाला याहूने एक क्रमांक दिला होता, त्याला वोइड म्हणत. आतलं वाक्य पुण्याचा क्रमांक शोधतं, बाहेरचं वाक्य त्या क्रमांकाचं हवामान आणतं. दोन वेगळ्या सेवा, दोन खिडक्या, पण विचारणाऱ्यासाठी एकच वाक्य. २००९ पासून तर कोणीही एखाद्या सेवेचं वर्णन ठरलेल्या साच्यात लिहून तिला वायक्यूएलचा तक्ता बनवू शकत होतं. लोकांनी असे ढीगभर तक्ते लिहिले आणि एकमेकांना फुकट वाटले. ज्या साइटने कुठलीच खिडकी उघडली नव्हती तिच्या साध्या पानालाही तक्ता मानून त्यातून मजकूर वेचता येत असे.

इथे मराठी कानाला काय ऐकू येतं

थोडं विषयांतर वाटेल, पण ते या इतिहासाचाच भाग आहे. एसक्यूएलचं वाक्य क्रियापदाने सुरू होतं: निवड, हे, तिथून, जिथे असं असेल. इंग्रजी आज्ञार्थाची ही घडण. मराठीत आपण उलट बोलतो: 'त्या टोपलीतले, जे पिकलेत ते, मोठे आधी लावून, आंबे काढ.' आधी कुठून, मग अट, मग क्रम आणि क्रियापद शेवटी.

गंमत अशी की नोव्हेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सी-शार्प या भाषेत लिंक नावाची प्रश्नरचना आणली, तिने नेमका हाच क्रम घेतला: फ्रॉम, व्हेअर, ऑर्डरबाय आणि शेवटी सिलेक्ट. यामागे अर्थातच मराठीचा विचार नव्हता, कारण व्यावहारिक होतं. प्रोग्रॅमर लिहीत असताना पुढचे शब्द सुचवणाऱ्या साधनाला कोठार कुठलं हे आधी कळलं तरच त्यातले रकाने सुचवता येतात. पण पहिल्यांदा एसक्यूएल शिकणाऱ्या मराठी मुलांना 'काय हवं ते आधी आणि कुठून ते नंतर' हे उलटं का वाटतं, याचं थोडं उत्तर यात आहे. यंत्रही वाक्य वाचताना मनातल्या मनात फ्रॉमपासूनच सुरुवात करतं.

गाळणी कुठे बसवली आहे?

वायक्यूएलच्या पोटात एक बारीक मेख होती. ती कळली की आजच्या कुठल्याही शोधपट्टीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

घरच्या कोठारात एसक्यूएलने 'जुने आधी' म्हटलं की यंत्र सगळ्या नोंदी पाहून क्रम लावतं. दुसऱ्याच्या सेवेचं तसं नाही. समजा, फोटोंच्या सेवेत 'गणपती विसर्जन' लिहिलेले ५,००० फोटो आहेत. तुम्ही वायक्यूएलला सांगता, हे फोटो आण आणि तारखेने लाव, सर्वांत जुना आधी. काही अटी ती मूळ सेवेकडे पाठवू शकते, कारण त्या अटींसाठी तिथे जागा आहे. बाकीच्या अटी तिला स्वतःकडे, माहिती हातात आल्यावर लावाव्या लागतात. सेवेने स्वतःच्या मर्जीने १०० फोटो दिले, तर 'जुना आधी' हा क्रम त्या १०० जणांतच लागणार. यादीच्या माथ्यावर दिसतो तो त्या मूठभरांतला सर्वांत जुना फोटो. कोठारातला खरा सर्वांत जुना फोटो बाकीच्या ४,९०० मध्ये असेल तर तुमच्या पडद्यावर तो कधीच येणार नाही, आणि तो नाही हेही कळणार नाही. वायक्यूएलच्या माहितीपत्रकात दूरची गाळणी आणि जवळची गाळणी असा भेद स्पष्ट केलेला होता. मूळ सेवेकडून किती नोंदी मागवायच्या तो आकडा तक्त्याच्या नावापुढे कंसात वेगळा लिहावा लागे. वरच्या उदाहरणातला (१) तोच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटायला हवं. दफ्तरखान्यातल्या शेकडो रुमालांपैकी दोनच रुमाल टेबलावर आले, तर त्यातलं सर्वांत जुनं पत्र हे त्या दफ्तरातलं सर्वांत जुनं पत्र असं कोणी लिहीत नाही. पडद्यावर नीट क्रमाने लागलेली यादी दिसली की मात्र हा संशय गळून पडतो. क्रम लावला की अपुरी गोष्टही पुरी दिसायला लागते.

दरवाजे बंद झाले तेव्हा

एफक्यूएल फेसबुकने २०१४ मध्ये मोडीत काढायला घेतली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती पूर्ण थांबली. वायक्यूएल ३ जानेवारी २०१९ ला बंद झाली. त्याआधी, २०१७ मध्ये, याहूचा मुख्य व्यवसाय व्हेरायझनने विकत घेतला होता आणि २०१८ मध्ये फ्लिकर दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं. पण भाषा म्हणून या दोन्ही वाईट होत्या का? मला तसं वाटत नाही. पुरावा म्हणजे त्यांची जिवंत भावंडं. सेल्सफोर्सची एसओक्यूएल आजही चालते. कामांचा हिशेब ठेवणाऱ्या जिरा या साधनातली जेक्यूएल आजही हजारो कचेऱ्यांत रोज लिहिली जाते.

फरक कुठे आहे ते पाहा. सेल्सफोर्समध्ये जो विचारतो त्या कंपनीचीच माहिती आत असते, आणि ती ठेवण्याचे ती पैसेही मोजते. जिराचं तेच. कोठार भाड्याचं असलं तरी धान्य विचारणाऱ्याचं आहे. एफक्यूएल आणि वायक्यूएलमध्ये विचारणारा पाहुणा होता. त्याच्या प्रत्येक मोकळ्या प्रश्नाचा खर्च यजमानाच्या यंत्रावर पडायचा, आणि यजमानाचा धंदा बदलला की पाहुण्याचं ताट उचललं जायचं. माझ्या मते भाषेने काय विचारता येईल ते ठरवलं, पण ते किती वर्षं विचारता येईल हे मालकीने ठरवलं.

इथेच थांबले तर गोष्ट फार सोपी होईल: लोकांचा हक्क आणि कंपन्यांचा लोभ. ती तशी नाही. 'माझ्या मित्रांची माहिती निवड' या वाक्यात एक तिसरा माणूस आहे, तो मित्र. त्याने काहीच विचारलेलं नाही आणि त्याला कोणी काही विचारलेलं नाही. २०१४ पर्यंत फेसबुकवरचं ॲप एका माणसाच्या संमतीवर त्याच्या मित्रांचीही बरीच माहिती मागू शकत होतं. केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं ते याच परवानगीतून. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी एक प्रश्नावलीचं ॲप घेतलं आणि फेसबुकच्या स्वतःच्या अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्या ॲपने एफक्यूएलच वापरली असं मला म्हणायचं नाही. मुद्दा परवानगीचा आहे, आणि ती भाषेहून खोल होती. 'निवड' हे क्रियापद निरागस नाही. ज्याची निवड होते त्याची बाजू वाक्यरचनेत कुठेच येत नाही.

तरीही दरवाजा लावताना कोण आत राहिलं आणि कोण बाहेर, हे पाहायला हवं. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना मिळणारा मोफत प्रवेश बंद केला. ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने क्राउडटँगल हे पत्रकार आणि संशोधकांचं आवडतं साधन बंद केलं. जाहिरातीसाठी हीच माहिती गाळण्याची आणि लावण्याची मुभा मात्र कंपन्यांकडे आतून शाबूत आहे. व्यक्तीची गोपनीयता जपायची म्हणून लावलेलं कुलूप आणि बाहेरच्यांनी तपासू नये म्हणून लावलेलं कुलूप बाहेरून सारखंच दिसतं. आमच्या पिढीच्या संशोधकांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. २०१० च्या दशकातलं सार्वजनिक बोलणं कसं होतं, यावर तीस वर्षांनी कोणी प्रबंध लिहायला घेतला, तर तो कुठल्या कोठाराला काय विचारू शकेल?

उघडं कोठार

एक उघडं कोठार अजून आहे. विकिडेटा २०१२ मध्ये सुरू झाला आणि २०१५ पासून त्याला कोणीही स्पार्कल भाषेत प्रश्न विचारू शकतं. स्पार्कलमध्येही सिलेक्ट आहे, व्हेअर आहे, ऑर्डर बाय आहे. 'ज्यांचा जन्म साताऱ्यात झाला अशा लेखिका, जन्मवर्षाच्या क्रमाने, नावं मराठीत' हा प्रश्न तिथे पाच-सहा ओळींत लिहिता येतो, आणि तसं बटण कोणी आधी बनवून ठेवलेलं असावं लागत नाही. कॉडच्या कल्पनेच्या इतकं जवळ आजच्या वेबवर फार थोडं आहे. मर्यादा तिथेही आहे: ६० सेकंदांत उत्तर सापडलं नाही तर प्रश्न तोडला जातो. खर्च कोणीतरी सोसतंच.

दुसरी मर्यादा अधिक मोलाची आहे. त्या यादीत येतील त्या साताऱ्यात जन्मलेल्या, कोणीतरी नोंद केलेल्या, जन्मस्थान भरलेल्या लेखिका. ज्या बाईचं जन्मस्थान कोणी लिहिलं नाही ती चाळणीतून खाली पडते. ही रिकामी जागा भरायला मोठी संस्था लागत नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून, हाताशी असलेल्या एखाद्या चांगल्या चरित्रकोशावरून ती नोंद तुम्हीही करू शकता, स्रोत दाखवून. कंपनीच्या कोठारात ही सोय नाही.

आणि तुम्ही संशोधन करत असाल, किंवा नुसतं कुतूहलाने एखादी यादी काढून कोणाला पाठवत असाल, तर तिच्याखाली चार गोष्टी लिहून ठेवा: नेमका कोणता प्रश्न विचारला, कोणत्या तारखेला, सेवेने एकूण किती नोंदी दिल्या, आणि गाळणी व क्रम तिकडे लागले की तुमच्याकडे. वायक्यूएलवर उभी असलेली कितीतरी पानं आज उघडत नाहीत. ज्यांनी आपला प्रश्न शब्दशः लिहून ठेवला, त्यांना तो दुसऱ्या कोठाराला पुन्हा विचारता येतो. ज्यांनी फक्त उत्तर ठेवलं, त्यांच्याकडे एक यादी उरली आहे, आणि ती कशाची यादी आहे हे सांगणारं आता कोणी नाही.